लव्हाळा की हरळी? कॅन्सरच्या मूळपेशींमागची वीस वर्षं

मलप्रभाकाठ | रविवार, रात्री ९:१०

गेल्या महिन्यात गावी आले होते. खानापूर तालुका एवढंच सांगते. गावाचं नाव घातलं की इथे दहा मिनिटांत माझी पत्रिका निघेल. चुलते बांधावर उभे राहून भांगलणाऱ्या बायकांवर ओरडत होते, "वरचं ओरबाडू नका गं, खालची गाठ काढा!" लव्हाळा माजला होता. मला हसू आलं. गेली वीस वर्षं मी याच एका वाक्याचा पगार घेते आहे.

मी कॅन्सरच्या मूळपेशींवर, म्हणजे स्टेम सेलवर, काम करते. मागे एका धाग्यावर कोणीतरी खोचकपणे विचारलं होतं, एवढे शास्त्रज्ञ, एवढा पैसा, मग औषध कुठाय? तेव्हा टंकायचा कंटाळा केला. आता सुट्टी आहे.

आधी एक खुलासा. घरात कोणाला तरी कॅन्सर झाला आणि मी शपथ घेतली, असं काही घडलेलं नाही. मराठी शाळा, बेळगावात बी.एस्सी., धारवाडला एम.एस्सी. वर्गात इंग्रजी, बसमध्ये कन्नड, डब्याशी मराठी. नेट निघाली, महिना ८००० रुपयांची फेलोशिप मिळणार होती, आणि घरी मला दाखवायला सुरुवात झाली होती. २००४ साली पुण्याची एस.टी. पकडली. ज्या प्रयोगशाळेत जागा होती तिथे कॅन्सरवर काम चालायचं. हृदयावर चालत असतं तर आज हृदयावर लिहिलं असतं.

वेळ मात्र नामी साधली. आदल्याच वर्षी मिशिगनमध्ये मायकेल क्लार्क यांच्या गटाने स्तनाच्या कॅन्सरवरचा शोधनिबंध छापला होता. गाठीतल्या पेशी त्यांनी पृष्ठभागावरच्या खुणा बघून निवडल्या. एका प्रकारच्या जेमतेम १०० पेशी उंदरात टोचल्या तरी नवी गाठ उगवली. दुसऱ्या प्रकारच्या हजारो टोचूनही काही नाही. रक्ताच्या कॅन्सरमध्ये टोरोंटोच्या जॉन डिक यांनी हे १९९४ मध्येच दाखवलं होतं. तिथे अशी पेशी अडीच लाखांत एक निघाली. म्हणजे गाठीतल्या बहुतेक पेशी नुसती पात. उगवायची ताकद थोड्यांकडेच.

केमोची बहुतेक जुनी औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींना मारतात. मूळपेशी बऱ्याचदा झोपलेल्या असतात, शिवाय आत आलेलं औषध बाहेर फेकायचे पंप त्यांच्याकडे जास्त. पात जळते, लव्हाळ्याची गाठ खाली राहते, रिपोर्ट स्वच्छ येतो आणि दीड वर्षाने रोग परत. हे चित्र इतकं पटण्यासारखं होतं की आमची अख्खी पिढी त्यामागे लागली. त्याच पुण्यात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात शर्मिला बापट यांच्या गटाने २००५ मध्ये अंडाशयाच्या कॅन्सरमधल्या मूळपेशी दाखवल्या. आम्ही शेजारच्या प्रयोगशाळांतली पोरं तो निबंध हातोहात वाचायचो.

दिवसभर करते काय? ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बर्फाचा डबा घेऊन थांबायचं. तुकडा मिळाला की बारीक चिरायचा, विकरात भिजवायचा, चाळणीतून गाळायचा. पेशींना रंगीत प्रतिपिंडं चिकटवायची आणि फ्लो सायटोमीटर नावाच्या यंत्रातून एकेक पेशी लेझरसमोरून सोडायची. हव्या त्या एका नळीत, नको त्या दुसऱ्या. मग अशा ताटल्यांत वाढवायच्या की ज्यांच्या तळाला चिकटताच येत नाही. बहुतेक मरतात. ज्या तरंगत तरंगत चेंडू करतात, त्यांच्यात आपल्याला रस. ते चेंडू मोजायचे. परत मोजायचे. माझं करिअर एका शब्दात सांगायचं तर मोजणी.

आणि एकदा सगळी मोजणी कचऱ्यात गेली. तोंडाच्या कॅन्सरच्या म्हणून दुसऱ्या एका प्रयोगशाळेतून आणलेल्या पेशींवर मी १४ महिने काम केलं होतं. डीएनएची खूणगाठ तपासली तर त्या तोंडाच्या नव्हत्याच, हेला पेशी निघाल्या. १९५१ साली अमेरिकेत हेन्रिएटा लॅक्स नावाच्या बाईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतलेल्या त्या पेशी इतक्या चिवट आहेत की जगभर दुसऱ्यांच्या बाटल्यांत शिरून त्यांनी ठाण मांडलंय. मला पाठवणाऱ्यांना माहीत नव्हतं आणि मी आल्या आल्या तपासल्या नव्हत्या. त्या रात्री खोलीत बसून आईने दिलेला अख्खा कुंदा एकटीने संपवला.

पुढे टोरोंटोत चार वर्षं, आता बेंगळुरूत स्वतःची छोटी प्रयोगशाळा. विषय तोंडाचा कॅन्सर. गाठ शोधत गेले आणि मधेच कळलं की प्रकरण लव्हाळ्याएवढं सरळ नाही. ते प्रतिसादांत सांगते. विचारा.

---

कडोलीचा_बंड्या | ९:३१

रुमाल टाकून ठेवतो. कुंद्याबद्दल मनापासून सहानुभूती.

---

निपाणकर_तात्या | ९:५०

ताई, लव्हाळ्याचं ठीक हाय. पण आमच्या रानात खरा वैरी हरळी. लव्हाळ्याची गाठ खोल खणली तर निघते तरी. हरळीचं तसं न्हाई. तुटलेलं एकेक पेर परत मूळ धरतंय. कुळव फिरवला की उलट शेतभर पसरतीय. तुमच्या कॅन्सरात असं काय हाय का?

---

मलप्रभाकाठ | १०:१५

तात्या, दंडवत. जे कळायला मला आठ वर्षं लागली ते तुम्ही पाच ओळींत विचारलंत.

२००८ मध्ये मिशिगनच्याच शॉन मॉरिसन यांच्या गटाने त्वचेच्या मेलानोमावर तोच प्रयोग केला, फक्त प्रतिकारशक्ती आणखी कमी असलेले उंदीर घेतले. तर जवळपास चारांतली एक पेशी गाठ उगवू शकत होती. म्हणजे आधीची "दुर्मीळ" पेशी काही अंशी उंदराच्या प्रकृतीमुळे दुर्मीळ दिसत होती! बी वाईट नव्हतं, रान कडक होतं. त्या वर्षी माझ्या पीएच.डी.च्या बैठकीत एका परीक्षकाने तो निबंध टेबलावर ठेवला आणि म्हणाले, आता बोला.

मग २०१२ मध्ये एकाच वेळी तीन गटांनी उंदरांच्या मेंदूत, त्वचेत आणि आतड्यात, जागच्या जागी पेशींना खूण करून दाखवलं की गाठ खरंच काही ठरावीक पेशींपासून वाढते. मेंदूच्या गाठीत तर केमोनंतर झोपलेल्या पेशीच उठून परत वाढल्या. म्हणजे लव्हाळा खरा.

आणि २०१७ मध्ये आतड्याच्या कॅन्सरवर आणखी एक प्रयोग. उंदरातल्या गाठीमधल्या मूळपेशी तेवढ्या निवडून मारल्या. गाठीची वाढ थबकली. मारणं थांबवलं, तर उरलेल्या साध्या पेशींतूनच नव्या मूळपेशी तयार झाल्या आणि गाठ परत वाढीला लागली. पातीनेच मूळ धरलं. ही तुमची हरळी.

माझं आजचं मत असं: काही कॅन्सर लव्हाळा, काही हरळी, आणि तोंडाचा बहुधा दोन्ही एकाच वाफ्यात.

---

शंकासुर | १०:४०

लेख रंजक आहे, पण मूळ खोचक प्रश्न माझाच होता, तो टाळलात. २० वर्षांत या विचारातून एक तरी औषध आलं का? की नुसते उंदीर?

---

मलप्रभाकाठ | ११:२०

टाळत नाही, चहा ठेवला होता.

सरळ उत्तर: "कॅन्सरच्या मूळपेशी मारणारं" म्हणून जाहिरात झालेली बरीच औषधं पडली. नापाब्युकासिन नावाच्या औषधाबद्दल परिषदांत केवढा गाजावाजा होता. स्वादुपिंडाच्या आणि आतड्याच्या कॅन्सरच्या मोठ्या चाचण्यांत रुग्णांचं आयुष्य वाढलं नाही. कॅन्सरच्या पेशीवरची, प्रतिकारशक्तीला थोपवणारी "मला खाऊ नका" ही पाटी झाकणारं मॅग्रोलिमॅब, त्याचं रक्ताच्या कॅन्सरवरचं काम २०२४ मध्ये कंपनीने थांबवलं. नॉच हा मूळपेशींचा एक संदेशमार्ग. तो बंद करणाऱ्या गोळ्यांनी लोकांना जुलाब लागले, कारण आतड्याचं अस्तर रोज नवं करणाऱ्या आपल्या चांगल्या मूळपेशी तोच मार्ग वापरतात.

जमेच्या बाजूला: हेजहॉग नावाचा असाच दुसरा संदेशमार्ग अडवणारं विस्मोडेजिब २०१२ मध्ये त्वचेच्या एका कॅन्सरसाठी मंजूर झालं, त्याच जातीचं ग्लासडेजिब २०१८ मध्ये रक्ताच्या एका कॅन्सरसाठी. ठीक औषधं आहेत. क्रांती वगैरे नाही.

पण माझं सगळ्यात लाडकं उदाहरण आमच्या पिढीच्या आधीचं आहे. एपीएल नावाचा रक्ताचा कॅन्सर, पूर्वी काही दिवसांत माणूस न्यायचा. १९८०च्या दशकात शांघायमध्ये त्यावर अ जीवनसत्त्वाचं एक रूप देऊन बघितलं. त्याने पेशी मरत नाहीत, तर वयात येतात! अर्धवट पोरकट राहिलेली पेशी प्रौढ होते आणि आपल्या मरणाने मरते. त्याच्या जोडीला पुढे आर्सेनिक ट्रायऑक्साइड, म्हणजे आपला सोमल, तोही चीनमधूनच. आता या जोडीने, नेहमीच्या केमोशिवाय, कमी जोखमीचे ९० टक्क्यांहून जास्त रुग्ण बरे होतात. गाठ खणून काढायच्या ऐवजी तिची उगवायची ताकदच काढून घेतली. मी तोंडाच्या कॅन्सरमध्ये असं काही जमतं का ते बघते आहे. अजून जमलेलं नाही.

(सोमल वाचून कोणी वैदूकडे पळू नका. शिरेतून, मोजून, हृदयाचा आलेख बघत बघत द्यायचं औषध आहे ते.)

---

संकेश्वर_पोल्ट्री | सोमवार, सकाळी ७:०५

सॅलिनोमायसिनबद्दल कुठेतरी वाचलं होतं की ते कॅन्सरच्या स्टेम सेल मारतं. ताई, ते तर आमच्या कोंबड्यांच्या खाद्यात असतं! हगवणीवर. पोतं पडलंय शेडमध्ये.

---

मलप्रभाकाठ | ७:४०

वाचलंत ते बरोबर. २००९ मध्ये बोस्टनजवळच्या एका गटाने सुमारे १६,००० रसायनं चाळली आणि स्तनाच्या कॅन्सरच्या मूळपेशींवर सगळ्यात जोरदार निघालं ते कोंबड्यांचं सॅलिनोमायसिन. टॅक्सॉल या केमोच्या नेहमीच्या औषधाच्या तुलनेत मूळपेशींचं प्रमाण शंभरपटीहून कमी झालं. त्या वर्षी आमच्या खोलीतही कोणीतरी पशुखाद्याच्या दुकानात जाऊन आलं होतं, नाव विचारू नका.

पण ते घोड्याला विष आहे आणि माणसालाही. चुकून पोटात गेलेल्या माणसांचे स्नायू विरघळल्याच्या नोंदी आहेत. पोतं शेडमध्येच राहू दे.

---

चोर्ल्याचा_पाऊस | ९:१२

अवांतर, पण आमच्या जंगलातल्या नरक्याच्या झाडाचं काय? लहानपणी त्याच्या वासाने नाक धरायचो. नंतर कळलं की कॅन्सरच्या औषधासाठी लोक चोरून तोडून नेतात.

---

मलप्रभाकाठ | ९:५५

अजिबात अवांतर नाही. नरक्यात कॅम्पटोथेसिन असतं. ते मुळात १९६६ मध्ये एका चिनी झाडातून मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी अमेरिकेत वेगळं केलं. हे वाणी मूळचे नंदुरबारचे! टॅक्सॉलही याच जोडीचं, १९७१. आपल्या घाटातल्या झाडात तेच द्रव्य आहे हे १९७२ मध्ये भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी दाखवलं. त्याच्यावर थोडे संस्कार केले की इरिनोटेकान आणि टोपोटेकान बनतात, दोन्ही रोजच्या वापरातली औषधं. बेळगावात नेहरूनगरला आयसीएमआरची पारंपरिक औषधांची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे घाटातल्या औषधी वनस्पतींवर काम चालतं. शाळेच्या सहली कुठे कुठे नेतात, तिथे कोणी नेत नाही.

फक्त एक: कॅम्पटोथेसिन काय, टॅक्सॉल काय, मार बसतो तो वाढत्या पेशीला. झोपलेली परत निसटते. आणि झाडाचा काढा करून प्यायला तर यकृताआधी आतडी बोंबलतात.

---

ओपीडीतला | दुपारी २:३०

मी कान-नाक-घशाचा डॉक्टर, सीमेच्या अल्याड-पल्याड दोन्हीकडे बसतो. धागा उत्तम. पण जरा जमिनीवर येऊ. माझ्याकडे येणाऱ्या तोंडाच्या कॅन्सरच्या बाया मशेरी लावणाऱ्या, पुरुष गुटखा नाहीतर तंबाखू-चुना. जबडा उघडत नाही इतकं झाल्यावर येतात. त्याआधी दोन वर्षं गालात पांढरा चट्टा असतो, तो कोणी दाखवत नाही. पहिल्या टप्प्यात आले तर सुरीने काम होतं, तुमची मूळपेशी लागतच नाही. माझा प्रश्न एवढाच, तुमचं काम माझ्या टेबलावर कधी येणार?

---

मलप्रभाकाठ | ४:०५

डॉक्टर, तुमच्यासारख्यांच्या टेबलावरूनच माझ्याकडे तुकडे येतात, त्यामुळे उलटं बोलायची सोय नाही. चट्ट्याचं जे लिहिलंत ते माझ्या सगळ्या निबंधांपेक्षा उपयोगी आहे. तीन आठवड्यांत न भरलेला तोंडातला फोड किंवा चट्टा दाखवा, लोकहो. फुकटात होणारी तपासणी आहे, आरशासमोर.

तोंडाच्या कॅन्सरमधल्या अशा पेशी सीडी४४ नावाच्या खुणेवरून २००७ मध्ये सापडल्या. पण ती खूण तोंडाच्या साध्या निरोगी अस्तरातही असते. म्हणून नुसत्या खुणेवर नेम धरून औषध मारता येत नाही. कधी येणार याचं उत्तर: पुढच्या पाच वर्षांत औषध म्हणून नाही. कोणाचा रोग परतण्याची शक्यता जास्त, हे ऑपरेशनच्या वेळीच सांगता येईल असं काहीतरी, कदाचित.

---

निपाणकर_तात्या | ५:२०

डॉक्टर, मशेरीचं खरं हाय. आमची आई वखारीत तंबाखू चाळायची, दिवसभर खकाणा नाकातोंडात. तिला कॅन्सर न्हाई झाला, दम्यानं गेली. आणि तंबाखू लावू नका म्हणणाऱ्यांनी दुसऱ्या पिकाचा दर पण सांगावा. ते असू दे.

ताई, एक इचारतो. बांधावरची हरळी समदी उपटली तर पावसात बांध फुटतो. तुमच्यात तसं हाय का?

---

मलप्रभाकाठ | ६:००

तंतोतंत तसंच आहे. वर जुलाबाचं लिहिलं ते याच कारणाने. रक्त, आतडं, कातडी, सगळं रोज चांगल्या मूळपेशींवर उभं आहे. बांध न फोडता हरळी काढायची, एवढाच आमचा प्रश्न. बांधालाच हात घालायचा तर मग परत नवा घालावा लागतो. बोन मॅरो ट्रान्सप्लांट म्हणजे तेच. त्यासाठी डॉनल थॉमस यांना १९९०चं नोबेल मिळालं.

तंबाखूच्या दराचं माझ्याकडे उत्तर नाही.

---

सुलभा_वडगाव | रात्री ९:४५

पहिल्यांदाच लिहिते आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. आमच्या ह्यांना रक्ताचा कॅन्सर आहे, सीएमएल. ११ वर्षं झाली, रोज इमॅटिनिबची एक गोळी. दुकानात बसतात, गणपतीत आरत्या म्हणतात. डॉक्टर म्हणतात रिपोर्टमध्ये आता काही दिसतच नाही. तुमचं वाचून काल झोप नाही लागली. मूळ आत तसंच आहे का हो? आणि मुलगा म्हणतो गोळी बंद करून बघू.

---

मलप्रभाकाठ | १०:३०

सुलभाताई, तुमची झोप घालवली याबद्दल आधी माफी.

खोटं सांगत नाही. इमॅटिनिब सीएमएलच्या मूळपेशींना नीट मारत नाही, थोड्या आत राहतात. पण बघा, अकरा वर्षं ते दुकानात बसताहेत! माझ्या सगळ्या सिद्धांताला हा आजार उत्तर देऊन जातो. मूळ निघालं नाही तरी पात उगवू दिली नाही तर माणूस आपलं आयुष्य जगतो. २००१ मध्ये ही गोळी आली त्याआधी हे शक्य नव्हतं. आणि मूळ कंपनीची गोळी महिन्याला लाखाच्या वर होती. आपल्याकडे त्या पेटंटचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळला, म्हणून भारतीय कंपन्यांची स्वस्त गोळी टिकली.

मुलाला सांगा, बंद करून "बघायचं" नाही. फ्रान्समध्ये १०० रुग्णांवर हे रीतसर करून बघितलंय. किमान दोन वर्षं रिपोर्टमध्ये काहीच न दिसलेल्यांची गोळी थांबवली. सुमारे ६० टक्क्यांचा रोग परत दिसू लागला, बहुतेकांचा सहा महिन्यांच्या आत. गोळी परत सुरू केल्यावर तो आटोक्यात आला, कारण दर महिन्याला रक्त तपासत होते. बाकीच्यांचा परतलाच नाही, का ते नक्की कोणाला कळलेलं नाही. म्हणून हा निर्णय तुमचे रक्तविकारतज्ज्ञ घेतील, तपासणीची सोय असेल तरच.

---

सुलभा_वडगाव | १०:४८

बरं. मुलाला वाचून दाखवलं. गप्प बसलाय.

---

शंकासुर | ११:०२

प्रश्न मागे घेतो. अर्धा.

---

टिळकवाडी_बीएस्सी | मंगळवार, सकाळी ८:२०

ताई, मी शेवटच्या वर्षाला आहे. मुंबईच्या आयआयटीतून निघालेल्या कार-टी थेरपीला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली ना, तेव्हापासून डोक्यात तेच आहे. पण घरचे म्हणतात "खट्टे जाऊलीस एवढ्या लांब, बी.एड. कर की." इंग्रजी पण जेमतेम. जमेल का?

---

मलप्रभाकाठ | ८:५५

कार-टी म्हणजे रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी काढून, त्यांना नवी नजर बसवून परत सोडायच्या. इथलं नेक्सकार१९ ठरावीक रक्ताच्या कॅन्सरवर चालतं; तोंडाच्या घट्ट गाठीत या पेशी शिरायलाच धजत नाहीत. तिथे तुमच्या पिढीला भरपूर काम आहे.

इंग्रजी येतं हळूहळू. माझ्या पहिल्या सेमिनारला मी "सेल" एवढा एकच शब्द धड उच्चारला होता. घरच्यांना कमल रणदिवे यांची गोष्ट सांगा. १९१७चा पुण्यातला जन्म, मुंबईत देशातली पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली, १९८२ मध्ये पद्मभूषण. मी आज बाटलीत पेशी वाढवते त्याची वाट त्या बाईने पाडली.

उन्हाळी प्रकल्पासाठी विज्ञान अकादमींचे अर्ज निघतात, भरा. मला खाजगी निरोप टाका. पहिले दोन महिने फक्त पेशी मोजायला देईन, तक्रार चालणार नाही.

---

निपाणकर_तात्या | सायंकाळी ६:४०

आज तुमच्या नादानं वाफा खणला. वीतभर खाली लव्हाळ्याची गाठ. तिच्याखाली दोऱ्यागत मूळ, त्याला आणखी एक गाठ, तिला परत दोरा. चार मोजल्या, मग कमरंत उसण भरली.

---

मलप्रभाकाठ | ६:५२

तात्या, पाचवी मोजायला हवी होती.